हेलियमचा थेंब आणि इलेक्ट्रॉनांचा मारा

जगांतील सर्व मूलद्रव्यांत विरक्त म्हणून ज्याची ख्याति आहे, त्या हेलियम वायूविषयीं आज आपणांशीं चार शब्द बोलावयाचे आहेत. हा वायु जळत नाहीं, जाळीत नाहीं, आणि नेहमींच्या परिस्थितींत कोणाशींहि संयोग पावत नाहीं. त्याच्या अणूंत दोनच इलेक्ट्रॉन असतात; पण ते केंद्राशीं इतके घट्ट बांधलेले असतात कीं, त्यांपैकीं एकास उपटून काढण्यास जेवढी ऊर्जा लागते, तेवढी दुसऱ्या कोणत्याहि मूलद्रव्याच्या अणूचा पहिला इलेक्ट्रॉन काढण्यास लागत नाहीं. अशा या निर्विकार द्रव्याचा एक अतिसूक्ष्म थेंब घेतला आणि त्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा केला, तर काय घडतें? प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु त्याच्या पोटांत एक मोठा प्रश्न दडलेला आहे. यंत्रानें उमटविलेली खूण पाहून मूळ वस्तु कशी होती, हें आपणांस कितपत सांगतां येतें?

खूण आणि वस्तु यांच्यांतील हें अंतर हेलियमच्या जन्मकथेपासूनच चालत आलें आहे, आणि त्या कथेचा एक धागा आपल्या मुलखांतून जातो. सन १८६८ च्या ऑगस्ट महिन्याची १८ तारीख. त्या दिवशीं खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोंकणच्या किनाऱ्यावर चढून, देश ओलांडून, पूर्व समुद्राकडे गेली. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानांत (हें गांव आज कर्नाटकांतील बागलकोट जिल्ह्यांत मोडतें) लेफ्टनंट जॉन हर्शेल हे वर्णपटदर्शक यंत्र घेऊन बसले होते. आकाशांत ढगांची ये-जा चालली होती. तरीहि चंद्रानें सूर्यबिंब झांकल्यावर त्याच्या कडेस ज्या तांबूस ज्वाला दिसतात, त्यांचा प्रकाश त्यांना यंत्रांतून पाहतां आला. त्यांना तीन तेजस्वी रेषा दिसल्या: एक तांबडी, एक नारिंगी व एक निळी. ज्वाला तप्त वायूच्या आहेत, हें त्यावरून सिद्ध झालें. नारिंगी रेषा मात्र त्यांनीं सोडियमची, म्हणजे आपल्या मिठांत असलेल्या धातूची, मानली. कारण ती सोडियमच्या प्रसिद्ध जोडरेषेच्या अगदीं शेजारीं पडते. त्याच दिवशीं गुंटूर येथें फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन यांनीं आणि मच्छलीपट्टण येथें पॉग्सन यांनींहि वेध घेतले होते.

पुढें त्याच वर्षीं २० ऑक्टोबर रोजीं इंग्लंडांत नॉर्मन लॉकियर यांनीं ग्रहणावांचूनच त्या ज्वालांचा वर्णपट मिळविला, आणि ती पिंवळी रेषा सोडियमच्या जागेवर नसून किंचित् बाजूस आहे, असें मापून दाखविलें. सोडियमच्या रेषा ५८९.० व ५८९.६ नॅनोमीटरवर आहेत; ही नवी रेषा ५८७.६ वर आहे. विजयदुर्गाच्या किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवितात, आणि लॉकियर यांनीं तेथूनच हेलियम शोधला असें सांगण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. विजयदुर्ग ग्रहणाच्या पट्ट्यांत होता, हें खरें. पण लॉकियर त्या ग्रहणाच्या वेळीं हिंदुस्थानांत नव्हते. ते आले १८७१ च्या ग्रहणास. असो. सूर्यावरच्या त्या अनोळखी द्रव्यास ‘हेलियम’, म्हणजे सौर द्रव्य, असें नांव मिळालें. परंतु पृथ्वीवर तें हातीं लागलें १८९५ सालीं, जेव्हां विल्यम रॅम्से यांनीं युरेनियम असलेल्या एका खनिजांतून हा वायु मोकळा केला तेव्हां. खूण दिसल्यावर तिचा अर्थ पक्का होण्यास २७ वर्षें लागलीं. आज आपण ज्या प्रयोगाकडे वळणार आहोंत, त्यांतहि हाच धडा निराळ्या रूपानें पुढें येणार आहे.

प्रथम थेंबाची तयारी पाहूं. हेलियमचे अणु एकमेकांस फारच दुबळेपणानें धरतात. म्हणून हा वायु द्रवरूप होण्यास दुस्तर. हॉलंडांतील लायडेन येथें कामर्लिंग ऑनेस यांनीं १० जुलै १९०८ रोजीं त्याचा द्रव केला, तो निरपेक्ष शून्यापेक्षां सुमारें ४.२ अंश वर. निरपेक्ष शून्य म्हणजे आपल्या शतमान मोजणीनें शून्याखालीं २७३ अंशांहून किंचित् अधिक. त्याखालीं थंडी नाहीं. हाच द्रव २.१७ अंशांखालीं नेला असतां त्याचें रूप पालटतें. तो घर्षणावांचून वाहूं लागतो, आणि अत्यंत अरुंद फटींतूनहि सुळकन् निसटतो. या अवस्थेस अतिप्रवाही म्हणतात. तिचा शोध १९३८ सालीं मॉस्को व केंब्रिज येथें लागला.

आपल्या प्रयोगास लागणारे थेंब भांड्यांत धरलेले नसतात; ते निर्वात पोकळींत उडत असतात. वातावरणाच्या वीस ते ऐंशीं पट दाबाखालीं हेलियम ठेवावयाचा, त्यास निरपेक्ष शून्यापासून दहा ते वीस अंशांपर्यंत निववावयाचें, आणि एका मिलिमीटरच्या दोनशेंव्या भागाएवढ्या छिद्रांतून निर्वात नळींत सोडावयाचें. वायु एकदम पसरतो, पसरतांना गार होतो, आणि त्याचे थेंब बनतात. एकेका थेंबांत कांहीं हजारांपासून कांहीं लाखांपर्यंत अणु असतात. परिस्थिति बदलून याहूनहि पुष्कळ मोठे थेंब करतां येतात. दहा हजार अणूंचा थेंब घेतला, तर त्याची रुंदी सुमारें दहा नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा लाखावा भाग भरते. अशा थेंबांचा झोत जर्मनींतील बेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६१ सालीं प्रथम निर्माण केला.

थेंब तयार झाल्यावर तो आणखी थंड होतो, आणि तें कसें होतें हें समजण्यास आपल्या घरांतील माठ पुरेसा आहे. माठाच्या अंगांतून पाझरलेलें पाणी वाफ होऊन जातांना आंतील पाण्याची उष्णता घेऊन जातें. टिटवाळ्यास काळू नदींत बुडी मारून काठावर ओलेत्यानें उभें राहिलेल्यास वाऱ्याची झुळूक कां झोंबते, याचेंहि कारण तेंच. हेलियमच्या थेंबाच्या पृष्ठभागावरून अणु सुटून जातात, आणि प्रत्येक जाणारा अणु थोडीशी उष्णता घेऊन जातो. उष्णता पुरविणारें भोंवतीं कांहींच नसतें. म्हणून एका सेकंदाच्या अगदीं लहान अंशांत थेंब ०.३७ अंशावर येऊन ठेपतो आणि तेथेंच स्थिर राहतो. म्हणजे हा अतिप्रवाही द्रवाचा, आपला आपण गार होणारा, विश्वांतील सर्वांत लहान माठच म्हणावयाचा!

आतां मारा. इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचें माप म्हणजे इलेक्ट्रॉन-व्होल्ट. एका व्होल्टच्या विद्युद्दाबानें ढकललेल्या इलेक्ट्रॉनास जेवढी ऊर्जा मिळते, तेवढी एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट. विजेरींतल्या एका सेलचा दाब दीड व्होल्ट असतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे या मापाची कल्पना येईल. सोडियमच्या अणूंतून एक इलेक्ट्रॉन काढण्यास ५.१ मापें ऊर्जा लागते, पाण्याच्या रेणूंतून काढण्यास १२.६, हायड्रोजनच्या अणूंतून १३.६, आणि हेलियमच्या अणूंतून २४.६. इलेक्ट्रॉन गमावलेल्या किंवा अधिक इलेक्ट्रॉन घेतलेल्या अणूस वा रेणूस आयन म्हणतात. प्रयोगांत बहुधा सत्तर ते शंभर मापांचे इलेक्ट्रॉन वापरतात. म्हणजे हेलियमचा बांध फोडण्यास त्यांच्यापाशीं शक्ति भरपूर असते.

वेगानें आलेला इलेक्ट्रॉन थेंबांत शिरतो, वाटेंतील एखाद्या अणूस धडक देतो, त्याचा एक इलेक्ट्रॉन उडवून देतो आणि निघून जातो. मागें राहतो एक धनभारित हेलियम आयन. आपणांस वाटेल कीं, काम येथें संपलें. वस्तुतः खरी हकीकत येथूनच सुरू होते. कारण ज्या अणूस धडक बसली, त्याच्यापाशीं तो धनभार राहत नाहीं.

अंगारकीच्या दिवशीं टिटवाळ्याच्या महागणपतीसमोर लागणारी रांग डोळ्यांपुढें आणा. प्रत्येक भक्ताच्या हातांत एकेक नारळ आहे. रांग इतकी दाट कीं कोणास जागचें हलतां येत नाहीं. एवढ्यांत एक द्वाड पोर येऊन मधल्या एका इसमाचा नारळ हिसकावून पळतें. तो इसम शेजाऱ्याचा नारळ घेतो, शेजारी आपल्या शेजाऱ्याचा घेतो, तो पुढच्याचा. माणसें जागच्या जागीं आहेत, पण ‘नारळ नसणें’ मात्र रांगेंतून फिरत आहे. हेलियमच्या थेंबांत असेंच होतें. आयन झालेला अणु शेजारच्या अणूचा इलेक्ट्रॉन ओढून घेतो, आणि शेजारी आयन होतो. दोन्ही अणु एकाच जातीचे असल्यामुळें या देवघेवींत ऊर्जेचा नफाहि नाहीं आणि तोटाहि नाहीं. म्हणून ती फार जलद होते. एका सेकंदाचे दहा कोटि-कोटि भाग केले, तर त्यांतील थोड्याच भागांत एक उडी पुरी होते. अणु हलत नाहींत. रिकामी जागा हलते.

हा प्रवास किती चालतो? फार नाहीं. सरासरी दहाएक उड्यांचा हिशेब शास्त्रज्ञांनीं मांडला आहे. याचें कारण असें कीं, आयन झालेला हेलियम आपली विरक्ति हरवून बसतो. त्याच्या धनभाराकडे शेजारचा अणु ओढला जातो, दोघे जवळ येतात, आणि उरलेल्या इलेक्ट्रॉनांत दोघांची भागीदारी होते. रांगेंतील दोन शेजाऱ्यांनीं एकाच नारळावर हात ठेवून तो घट्ट धरावा, म्हणजे ‘नसणें’ पुढें सरकावयाचें थांबेल, तशांतलाच हा प्रकार. दोन हेलियम अणूंचा हा भारित रेणु चांगला भक्कम असतो; तो बनतांना सुमारें २.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा बाहेर पडते.

ही ऊर्जा आपल्या व्यवहारांत नगण्य. पण त्या थेंबास ती भूकंपासारखी. हेलियमचा एक अणु द्रवांतून सुटावयास जी ऊर्जा लागते, ती इतकी अल्प आहे कीं, एका इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्यें सुमारें सोळाशें अणु उडून जातील. तेव्हां २.४ मापें सर्वच्या सर्व उष्णतेंत मुरलीं, तर जवळजवळ चार हजार अणूंची वाफ होईल. दोनतीन हजार अणूंचा थेंब असेल, तर तो उरणारच नाहीं. मोठा थेंब असेल, तर भारित जोडी कित्येकदां थेंबांतून बाहेर फेंकली जाते, किंवा आंत राहून आपल्याभोंवतीं हेलियमचे अणु इतके घट्ट ओढून घेते कीं त्यांचें जणूं बर्फच होतें. या गोळ्यास शास्त्रज्ञ ‘हिमगोल’ म्हणतात, आणि तें नांव यथार्थ आहे; कारण नुसत्या थंडीनें, दाबावांचून, हेलियम कधींच गोठत नाहीं. येथें त्यास गोठविणारी ओढ एका आयनाची आहे.

आतां या सर्व प्रकारांतून बाहेर पडणारे आयन आपण पाहतों कसे? शेतकरी खळ्यावर धान्य वाऱ्यावर देतो, तेव्हां जड दाणा पायाशीं पडतो आणि हलकें भूस दूर जातें. त्याच तत्त्वावर विद्युत् व चुंबकीय ओढीनें जड आणि हलके आयन निराळे करणारें यंत्र असतें. त्यास वस्तुमान-वर्णपटमापक म्हणतात. हेलियमच्या एका अणूचें वजन ४ धरलें, तर त्या यंत्रांत सर्वांत ठळक खूण ८ या आंकड्यावर, म्हणजे हेलियमच्या जोडीवर दिसते. पुढें १२, १६, २० अशी उतरती माळ लागते. खुद्द ४ या आंकड्यावरची खूण त्या मानानें फिकी असते. धडक एकट्या अणूस बसली होती; नोंद मात्र जोडीची झाली. जर्मनींतील गटिंगेन येथें टोनीस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९० च्या सुमारास हीं मापनें बारकाईनें केलीं, आणि थेंबाच्या आंत काय चाललें असावें याचें चित्र त्यांवरून उभें राहूं लागलें.

येथपर्यंत थेंबांत केवळ हेलियमच होता. आतां एक पाहुणा आणूं. थेंबाच्या मार्गांत दुसऱ्या एखाद्या पदार्थाची विरळ वाफ ठेवली, तर उडतां उडतां थेंब त्याचा रेणु गिळतो. पाहुण्याजवळची उष्णता हेलियमचे थोडे अणु उडून जाऊन नाहींशी होते, आणि तोहि ०.३७ अंशावर येतो. बहुतेक पाहुणे थेंबाच्या मध्यभागीं जाऊन बसतात. सोडियमसारखे धातु मात्र पाण्यावरील पिसासारखे पृष्ठभागावरच राहतात. एकामागून एक असे अनेक रेणु गिळवले, तर ते थेंबाच्या आंत एकमेकांस भेटून त्यांचे लहान लहान पुंजके बनतात. रसायनशास्त्रज्ञांस हा थेंब इतका प्रिय कां, तें आतां ध्यानांत येईल. अशी गार, मऊ आणि कोणाच्या भानगडींत न पडणारी परीक्षानलिका दुसरी नाहीं.

परंतु आंतील पाहुण्याची ओळख पटवावयाची, तर पुन्हा इलेक्ट्रॉनांचाच मारा करावा लागतो. थेंबांत हेलियमचे अणु हजारों, पाहुणा एक. साहजिकच धडक बसते ती हेलियमला. धनभार उड्या मारूं लागतो. पाहुण्याचे इलेक्ट्रॉन हेलियमच्या मानानें सैल असल्यामुळें धनभाराची ओढ त्याच्याकडे असते. रांगेंत एखाद्यानें पांच नारळ सैलपणें धरले असावे, आणि ‘नसणें’ त्याच्यापर्यंत पोंचतांच त्याचा एक नारळ चटकन् जाऊन फेरी संपावी, तसें येथें होतें. हेलियमच्या जोडीनें धनभार आधींच अडविला नाहीं, तर पाहुणा आयन होतो. थेंब जितका मोठा, तितकी धनभार वाटेंतच अडकण्याची शक्यता अधिक. कारण उड्या मोजक्याच आहेत.

येथेंच आपल्या मूळ प्रश्नाचा कस लागतो. हेलियमचा बांध २४.६ मापांचा, पाण्याचा १२.६. मधलीं १२ मापें कोठें गेलीं? तीं पाहुण्याच्या अंगावर आदळतात. बारा मापें म्हणजे आपल्या हिशेबानें एकोणीस हजार हेलियम अणूंची वाफ करणारी ऊर्जा. दहा हजार अणूंच्या थेंबास ती सगळी शोषून घेणें शक्यच नाहीं, आणि मोठ्या थेंबासहि तेवढा अवसर मिळेलच असें नाहीं. परिणामीं पाहुणा फुटतो. म्हणजे ज्याची ओळख पटवावयाची, त्याचीच ओळखण्याच्या घावानें मोडतोड होते!

पाण्याचेंच उदाहरण घ्या. पाण्याच्या एका रेणूचें वजन १८. दोन रेणु थेंबांत एकत्र आले, तर ३६. पण त्या जोडीस आयन केलें कीं, एका रेणूचा हायड्रोजन दुसऱ्याकडे जातो, उरलेला १७ वजनाचा तुकडा गळून पडतो, आणि यंत्रांत १९ हा आंकडा दिसतो. ज्यास हें ठाऊक नाहीं, तो १९ वजनाचा कोणता पदार्थ थेंबांत होता म्हणून शोधीत बसेल. ज्यास ठाऊक आहे, तो म्हणेल कीं येथें पाण्याचे निदान दोन रेणु होते. हेलियमचें वैशिष्ट्य असें कीं, तो कधीं कधीं त्या तुकड्यांना विलग होण्यापूर्वींच गार करून एकत्र धरून ठेवतो, आणि ३६ ची खूणहि उमटते. बाहेर मोकळ्या वायूंत केलेल्या माऱ्यापेक्षां थेंबांतील मारा थोडा मवाळ, तो याच अर्थानें. थोडाच मवाळ, हें मात्र विसरतां कामा नये. आरंभींच्या काळांत अशी आशा होती कीं, हेलियमच्या मऊ गादीवर पाहुण्यास ओरखडाहि उठणार नाहीं. ती आशा पूर्णत्वें फळास आली नाहीं. पण कोठें किती तुटतें याचा हिशेब ठेवतां येऊं लागला, हा लाभ कांहीं लहान नव्हे.

इलेक्ट्रॉनांची ऊर्जा कमी केली, तर दुसराच मार्ग दिसूं लागतो. २४.६ मापांहून कमी, पण विसांच्या थोडें वर असलेला इलेक्ट्रॉन हेलियमचा बांध फोडूं शकत नाहीं. तो अणूस केवळ उत्तेजित करतो. मोकळ्या हेलियम अणूस त्यासाठीं १९.८ मापें लागतात. थेंबांत शिरतांना मात्र इलेक्ट्रॉनास उंबरठ्याचें म्हणून आणखी सुमारें एक माप द्यावें लागतें, कारण द्रव हेलियम इलेक्ट्रॉनास आंत घेण्यास नाखूष असतो. असा उत्तेजित अणु आपल्याभोंवतालच्या अणूंस दूर सारून एक बुडबुडा करतो, आणि हळूहळू पृष्ठभागाकडे सरकतो. तेथें सोडियमसारखा पाहुणा भेटला, तर तो आपली सांठविलेली ऊर्जा त्यास देऊन टाकतो. पाहुण्याचा इलेक्ट्रॉन उडतो व तो आयन होतो. पेनिंग या डच शास्त्रज्ञाच्या नांवानें ही रीत ओळखली जाते. म्हणून कोणत्या ऊर्जेस कोणता आयन प्रथम उमटतो, हें पाहिलें कीं पाहुणा थेंबाच्या पोटांत होता कीं पाठीवर, याचा अंदाज बांधतां येतो. खुणेबरोबर ती कशी उमटली याचीहि नोंद ठेवली, तर एकच खूण दोन गोष्टी सांगूं लागते.

एका थेंबावर एकच भार मावतो, असेंहि नाहीं. लाखों अणूंचा थेंब असेल, तर एकामागून एक अनेक धडका बसून त्यांत अनेक आयन तयार होऊं शकतात. ते एकमेकांना दूर लोटतात, म्हणून थेंब फुटून शकलें होतील, असें वाटेल. ऑस्ट्रियांतील इन्सब्रुक येथील शास्त्रज्ञांनीं २०१९ सालीं दाखविलें कीं, पुरेसा मोठा थेंब ५५ पर्यंत धनभार अंगावर वागवूं शकतो. भार फाजील झाला, तर तो मधोमध दुभंगत नाहीं, तर लहान लहान भारित पुंजके बाहेर टाकून आपला तोल सांवरतो.

मारा बाहेरूनच व्हावा लागतो असेंहि नाहीं, हें एका निराळ्या प्रयोगानें दिसून आलें आहे, आणि त्यांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांचाहि सहभाग होता. सन २०११ मध्यें प्रसिद्ध झालेल्या या संशोधनांत थेंबांवर अत्यंत अल्पकाळ टिकणारे, तीव्र लेसर-प्रकाशाचे झोत सोडले होते. शुद्ध हेलियमच्या थेंबावर त्या प्रकाशाचा परिणाम होत नव्हता. थेंब त्यास कांचेसारखा पारदर्शक होता. परंतु थेंबांत दुसऱ्या निष्क्रिय वायूचे दहापेक्षांहि कमी अणु घातले कीं सारा थेंब पेटल्यासारखा होई, आणि त्यांतील यच्चयावत् अणूंचे आयन होऊन थेंबाच्या चिंधड्या उडत. पाहुण्यांचे सैल इलेक्ट्रॉन आधीं सुटतात, प्रकाश त्यांस वेग देतो, ते हेलियमवर आदळतात, नवे इलेक्ट्रॉन सुटतात, आणि पाहतां पाहतां दरड कोसळावी तसा इलेक्ट्रॉनांचा लोंढा उसळतो. मघां धनभार पाहुण्याकडे जात होता; येथें आग पाहुण्यापासून निघून यजमानाचें घर जाळते.

इतका खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. औषधांचे नाजूक रेणु असोत, पाण्याचे पुंजके असोत, किंवा तारकांमधील अवकाशांत भटकणारे कार्बनचे गोलाकार रेणु असोत, यांचा अभ्यास अतिशीत स्थितींत करावयाचा, तर हेलियमचा थेंब हें मोठें सोयीचें साधन आहे. आयनांभोंवतीं हेलियमचे अणु कसे थर करून बसतात, याचीहि मापनें आतां अशा थेंबांतून होऊं लागलीं आहेत. परंतु या साधनावर विसंबावयाचें, तर प्रत्येक नोंदीमागचा इतिहास आधीं माहीत हवा: धडक कोणास बसली, भार कोठवर फिरला, कोठें अडकला, वाटेंत किती ऊर्जा सांडली आणि तिनें काय मोडलें.

श्रोतेहो, यंत्र खोटें बोलत नाहीं, असें आपण सहज म्हणून जातों. तें खरेंच आहे. पण यंत्र सांगतें तें घडामोडीच्या शेवटचें वाक्य. जमखंडीच्या ढगाळ आकाशाखालीं दिसलेली नारिंगी रेषा खोटी नव्हती, आणि निर्वात नळीच्या टोकाशीं उमटणारा ८ किंवा १९ हा आंकडाहि खोटा नसतो. त्या शेवटच्या वाक्यावरून मागची सारी गोष्ट जुळवावयाची असते, आणि तें काम यंत्राचें नव्हे. तें माणसाचें आहे. हेलियमच्या थेंबानें तें थोडें अधिक काळजीपूर्वक करावयास शिकविलें, आणि त्या विरक्त द्रव्याकडून आपणांस मिळालेलें हें दान त्याच्या थंडाव्याहूनहि मोलाचें आहे, असें मला वाटतें.